घरच्या पार्किंगमध्ये पोर्टेबल लिफ्ट: गाडी उचलण्याआधी जमीन बघा

पोर्टेबल लिफ्ट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाची घेऊ?" त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की तुमच्या पार्किंगला खाली काय आहे? कोबा, शहाबादी, पेव्हर ब्लॉक की नुसता मुरूम? आपल्याकडच्या घरगुती गाड्या वजनाने हलक्या. बाजारातली बहुतेक कुठलीही लिफ्ट त्यांना उचलते. घोटाळा होतो तो लिफ्टच्या खाली. म्हणून या लेखात यंत्राइतकीच जागा जमिनीला दिली आहे.

इथे पोर्टेबल लिफ्ट म्हणजे दोन लांबट लोखंडी फ्रेमची, विजेवर चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट असं धरलं आहे. एकेक फ्रेम साधारण ३० ते ४५ किलोची आणि मिटलेली असताना जेमतेम तीन-चार इंच उंच. दोन्ही फ्रेम गाडीखाली दोन बाजूंनी सरकवायच्या, नळ्या पंपाला जोडायच्या, बटण दाबायचं. अर्ध्या-एक मिनिटात चारही चाकं हवेत. काम संपलं की नळ्या सोडवून फ्रेम भिंतीशी उभ्या करून ठेवता येतात. गॅरेजवाले वापरतात ती मीटरभर उचलणारी कात्री लिफ्टही चाकांवर ढकलता येते, त्यामुळे तीही 'पोर्टेबल' म्हणून विकली जाते. पण तिचं वजन काही क्विंटल असतं आणि तिला जाड काँक्रीट लागतं. स्वतःचं शेड नसेल तर तिचा विचार सोडा.

आणि एक स्पष्ट बोलतो. वर्षातून एकदा ऑइल बदलण्यापुरती लिफ्ट घेऊ नका. चांगला ट्रॉली जॅक आणि चार जॅक स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू) काही हजारांत येतात, लिफ्टला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. घरात दोन-तीन गाड्या असतील, टायर फिरवणं, ब्रेक, ऑइल, पावसाळ्यानंतरची खालची सफाई हे सगळं तुम्ही स्वतः करत असाल, किंवा सोसायटीतले तिघं-चौघं मिळून घेणार असाल, तर हिशोब बसतो. वॉरंटीतल्या गाडीचं नियमित सर्व्हिसिंग मात्र कंपनीच्या सेंटरलाच होऊ द्या.

जमीन

आधी ठोकून बघा. लहान हातोडा किंवा पान्याचं टोक घ्या आणि जिथे फ्रेम बसणार तिथे वीतभर अंतराने हलकेच ठोकत जा. भरीव जमीन बद्द आवाज देते. फरशीखाली पोकळी असेल तर आवाज लगेच बदलतो, डबडब वाजतं. शहाबादीत हे फार दिसतं. फरशी बसवताना खालचा माल सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आणि वर्षानुवर्षं पाणी मुरून वाळू सरकते. चाकाखाली अशी फरशी टिकते, कारण टायर मऊ असतो आणि भार पसरवतो. लोखंडी फ्रेमच्या कडेखाली तीच फरशी तडकते. व्हिट्रिफाइड टाइल्सचंही तेच, शिवाय त्या ओल्या किंवा तेलकट झाल्या की फ्रेम सरकते.

भार किती असतो ते बघा. इंजिन पुढे असलेल्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं साठेक टक्के वजन पुढच्या बाजूला असतं. हजार किलोची गाडी धरली तर पुढच्या एकेका टेकूवर ३०० किलो. हा आकडा मोठा वाटत नाही, पण जॅक स्टँडचे पाय बोटभर रुंदीचे असतात, आणि ते ३०० किलो तेवढ्याशा जागेवर उतरतात. उन्हाळ्यात दुपारी डांबरावर स्टँड लावून बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्यात उत्तम म्हणजे तडे नसलेला सिमेंट काँक्रीटचा कोबा. शहाबादी भरीव वाजत असेल तर चालेल, पण प्रत्येक फ्रेमखाली पूर्ण लांबीची १८ किंवा १९ मिलिमीटरची प्लायची पट्टी टाका. पेव्हर ब्लॉक खालून नीट कुटलेल्या खडीवर बसवलेले असतील तरच विचार करायचा, तेही प्लाय टाकून, आणि पहिल्यांदा उचलल्यावर दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. ब्लॉक दबला तर तिथे परत कधी लिफ्ट लावायची नाही. मुरूम, माती, डांबर यांवर लिफ्ट नकोच.

मग ढाळ. पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे पार्किंगला फाटकाकडे किंवा गटाराकडे ढाळ दिलेला असतोच. मीटरला एक सेंटिमीटर ढाळ असेल तर स्विफ्टच्या २४५० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात, जवळजवळ अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. गाडीच्या लांबीत इतका फरक चालून जातो. आडवा ढाळ, म्हणजे डावं चाक उजव्यापेक्षा खाली असणं, जास्त वाईट. कारण रुंदीत गाडीचा पाया मुळातच लहान असतो. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल ट्यूब असते ती अर्ध्या तासासाठी मागून आणा, चार चाकांच्या जागी माप घ्या, आणि लिफ्टच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. ढाळ जास्त निघाला तर एका फ्रेमखाली लाकडं सरकवून 'लेव्हल' करण्याचा उद्योग करू नका. दुसरी जागा शोधा. फाटकाच्या उतारावर तर कधीच नाही.

उंची, आणि कॅटलॉगमधला आकडा

कॅटलॉगमध्ये 'उचलण्याची उंची ५०-५३ सेंटिमीटर' लिहिलेलं असतं. फ्रेमवर ज्या रबरी ठोकळ्यांवर गाडी टेकते, त्यांच्या माथ्याची ही उंची, जमिनीपासून मोजलेली. गाडीचा सिल, म्हणजे दारांखालची कड, मुळातच जमिनीपासून वीतभर वर असते. म्हणजे गाडी प्रत्यक्षात वर जाते ती ३० सेंटिमीटरच्या आसपास. दीड मीटर उंचीची हॅचबॅक त्यामुळे १.८ मीटरच्या घरात पोचते, आणि स्टिल्ट पार्किंगच्या बीमला सहसा लागत नाही. डिकीचं दार उघडायचं असेल तर मात्र आधी मोजा. गाडीखाली आडवं पडून काम करता येईल इतकी जागा होते, बसून नाही. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर लिफ्ट आल्यावर विरस होतो.

आपल्या गाड्यांची दुसरी एक गंमत आहे. या लिफ्ट मुख्यतः परदेशातल्या बसक्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या. तिकडे फ्रेम गाडीखाली शिरेल का याची चिंता, इकडे फ्रेम गाडीपर्यंत पोचेल का याची. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर, नेक्सॉनचा २०८. उंच गाडीखाली बुटके ठोकळे लावले तर लिफ्टची निम्मी चाल नुसती गाडीला शिवण्यातच संपते. म्हणून उंच ठोकळे किंवा एसयूव्हीसाठीचे अडॅप्टर त्याच कंपनीचे घ्या. एकावर एक किती ठोकळे चालतात ते पुस्तिकेत असतं, त्याच्या वर एकही नाही. लाकडाचे गुटके आणि विटा तर नाहीतच.

कुठली घ्यायची

गाडीचं वजन शोधायला कुठे जायला नको, आरसीवर 'अनलेडन वेट' किलोमध्ये लिहिलेलं असतं. लिफ्टची क्षमता त्याच्या निदान दीडपट असावी. परदेशी मॉडेलवर पाउंडात लिहितात: ५,००० पाउंड म्हणजे २,२६८ किलो, आणि ७,००० म्हणजे ३,१७५. ही क्षमता दोन्ही फ्रेम मिळून असते, एका फ्रेमची नव्हे. हॅचबॅक, सेडान, छोट्या एसयूव्हीला पाच हजार पाउंड पुरेसं. इनोव्हा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ असेल तर मोठी घ्या.

फ्रेमची लांबीही जुळायला हवी. व्हीलबेस बघून अंदाज बांधू नका. सिलवर जॅक लावायच्या जागेच्या खाचा असतात, त्यांपैकी पुढच्या जागेपासून मागच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, आणि तो आकडा लिफ्टच्या कमीतकमी व जास्तीतजास्त मापात बसतो का ते विचारा. विक्रेत्याने "सगळ्या गाड्यांना बसते हो" असं उत्तर दिलं तर दुसरा विक्रेता बघा.

तिसरी गोष्ट लॉक. दोन्ही फ्रेमला यांत्रिक लॉक हवं, म्हणजे लोखंडाची खिट्टी जी आपोआप खाचेत पडते आणि तेल गेलं तरी गाडी धरून ठेवते. हायड्रॉलिक यंत्र गाडी उचलतं ते तेलाच्या दाबावर, आणि तो दाब अडवलेला असतो रबरी सीलने. सायकलच्या पंपाचं वायसर जसं कालपर्यंत बरं असतं आणि आज दगा देतं, तसंच सीलचं. नुसत्या तेलाच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं, मग यंत्र कितीही महाग असो. लॉक नसलेल्या स्वस्त लिफ्ट ऑनलाइन दिसतात. त्या घेऊ नका. युरोपात वाहनांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, अमेरिकेत एएनएसआय/एएलआयचं. यापैकी कशाचं प्रमाणपत्र आहे का, ते कागदावर मागा.

वीज

२३० व्होल्टची मोटर साधारण एक-दीड किलोवॅटची असते. चालू झाल्यावर सहा-सात अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे गीझर-एसीला असतो तसा १६ अँपिअरचा प्लग हवा. मोबाइल चार्जरवाल्या बोर्डावर ती लावू नका. घरापासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची, अर्थिंगसह, आणि रीळ पूर्ण उलगडून. बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं, मोटर घुंघावत राहते, गाडी अर्ध्यावर अडकते. पार्किंगची जमीन ओली असते, तेव्हा लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (शॉक बसायची वेळ आली तर वीज तोडणारं स्विच) असलीच पाहिजे.

अमेरिकेतून सामान घेऊन परतणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. तिकडची ११०-१२० व्होल्टची मोटर आपल्या प्लगमध्ये घातली की संपली. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो मोटरचा सुरुवातीचा झटका झेलणारा, बराच मोठा लागतो, आणि ६० हर्ट्झवर चालणारी मोटर ५० हर्ट्झवर जास्त तापते. आणायचीच तर १२ व्होल्ट डीसीचं मॉडेल आणा. ते बॅटरीवर चालतं, फक्त खूप करंट ओढतं, त्यामुळे केबल जाड आणि बॅटरी धडधाकट हवी. उचलायच्या गाडीचीच बॅटरी वापरत असाल तर केबलला ढिलाई ठेवा, गाडी वर जाताना ती ताणली जाते.

गाडी कुठे टेकवायची

मोनोकॉक गाडीला (वेगळी चॅसिस नसलेली, सगळी बॉडी एकसंध), म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींना, सिलच्या खाली पत्र्याची उभी कड असते. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, अशा दोन्ही ठिकाणी तिच्यावर जवळजवळ दोन-दोन खाचा किंवा बाणाच्या खुणा असतात. त्या जोडीच्या मधली तेवढी कड जाड केलेली असते, जॅकसाठी जागा तीच. ठोकळ्याला मधोमध चर असेल तर कड चरात बसते आणि भार कडेच्या दोन्ही बाजूंच्या सिलवर येतो. सपाट ठोकळ्यावर सगळा भार पत्र्याच्या धारेवर येतो आणि ती हळूहळू मुडपते.

कागदावर सोपं वाटतं, खाली आडवं झाल्यावर तितकं सोपं नसतं. डीलरने मारलेल्या अंडरबॉडी कोटिंगने खाच बुजलेली असते. बोटाने चाचपा, कोटिंग खरवडून काढा, कारण ते गुळगुळीत असतं आणि ठोकळा सरकू शकतो. प्लास्टिकची साइड क्लॅडिंग कडेला झाकत असेल तर ठोकळा प्लास्टिकला न टेकता आतल्या पत्र्याला टेकतोय ना, ते टॉर्च लावून बघा. मान वळत नसेल तर मोबाइल खाली धरून फोटो काढा. हा आळशी उपाय नव्हे, उलट डोळ्यांपेक्षा नीट दिसतं. कोकणपट्टीतल्या किंवा गोव्यातल्या जुन्या गाडीची ही कड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. खपल्या पडत असतील, पत्रा आत जात असेल, तर सिलवर ती गाडी उचलायची नाही.

सीएनजी गाडीत दोन गोष्टी जास्तीच्या. मागच्या सिलिंडरमुळे वजनाचा तोल मागे सरकतो, आणि गॅसची जाडसर स्टीलची नळी फरशीखालून पुढे गेलेली असते. ठोकळा तिच्यावर किंवा ब्रेकच्या नळ्यांवर येता कामा नये. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा सपाट पेटाराच तळाला असतो. त्याला लिफ्टचा कुठलाही भाग शिवू द्यायचा नाही, नेमक्या खुणांवरच टेकवायचं. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या चॅसिसवाल्या गाड्या, त्या सिलवर नव्हे तर चॅसिसच्या लांब पट्ट्यांवर उचलतात. बाहेरून लावलेल्या पायरीवर तर कधीच नाही. ती माणसासाठी असते. इंजिनचा सम्प (तळाची तेलाची टाकी), गिअरबॉक्सचा तळ, फरशीचा सपाट पत्रा, हे टेकू देण्याचे भाग नव्हेत.

पहिली जुळणी

टाकीत तेल भरा, कंपनीने सांगितलंय तेच. बऱ्याच लिफ्टना ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सील फुगतात. नळ्यांच्या जोडांना नीट टेफ्लॉन टेप किंवा सीलंट, पुस्तिकेत असेल तसं. मग गाडीशिवाय, रिकाम्या फ्रेम पूर्ण वर आणि पूर्ण खाली, चार-पाच वेळा. आत हवा असेल तर फ्रेम हिसके देत चढते, दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी पोचतात. सिलिंडरवर हवा काढायचा स्क्रू असेल तर फ्रेम वर नेऊन, लॉकवर बसवून, मगच तो किंचित सैल करा. बुडबुडे संपून नुसतं तेल यायला लागलं की आवळा. दोन्ही फ्रेम गुळगुळीत, जोडीने चढायला लागेपर्यंत गाडी जवळ आणू नका.

उचलणं

गाडी सरळ लावा, पुढची चाकं सरळ. डिकी रिकामी करा. आत कोणी नाही. पोरं आणि कुत्रं घरात. चाकं काढायची असतील तर नट आत्ताच, गाडी जमिनीवर असताना, अर्धा फेरा सैल करा. कुठलाही जाम बोल्ट जमिनीवरच सोडवायचा. हवेत असलेल्या गाडीला लांब दांड्याने हिसका देणं म्हणजे तिला ठोकळ्यावरून ढकलणं.

दोन्ही फ्रेम आत सरकवा, एकमेकींना समांतर, आणि दोन्हींची तोंडं एकाच दिशेला. हे दिशेचं प्रकरण महत्त्वाचं. या फ्रेम सरळ वर जात नाहीत, झोक्यासारख्या कमानीत जातात, त्यामुळे गाडी वर चढताना थोडी पुढे किंवा मागे सरकते. समोर खांब किंवा भिंत असेल तर तेवढी जागा आधी सोडा. एक फ्रेम उलटी लागली तर एक बाजू पुढे आणि दुसरी मागे ओढेल. याच कारणाने हँडब्रेक आणि गिअरबाबत सूचना लिफ्टगणिक वेगळ्या असतात. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय तसंच ठेवा. नुसता ट्रॉली जॅक वापरताना मात्र जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचेच. आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो हे ध्यानात ठेवा: मागची बाजू उचलली की तो गाडी धरून ठेवत नाही.

आता बटण. पण थांबत थांबत.

चारही ठोकळे सिलला जेमतेम शिवेपर्यंत चढवा आणि थांबा. चारी ठिकाणी वाकून बघा. एक ठोकळा शिवलाय आणि एकाखाली बोटभर फट आहे, असं असेल तर खाली घेऊन ठोकळा सरकवा. कड चराच्या मध्यावर आली पाहिजे, काठावर नव्हे. ठोकळा वाकडा दबताना दिसला तरी खाली घ्या. समाधान झालं की टायर जमिनीपासून दोन बोटं सुटतील इतपत चढवा, पुन्हा थांबा. बाजूला उभं राहून पुढच्या आणि मागच्या बंपरवर हाताने बेताचा दाब द्या. गाडी थोडी डोलेल, पण करकर आवाज, ठोकळा सरकणं, एका कोपऱ्याची उचल, यातलं काही होता कामा नये. पडायचीच असेल तर गाडी या उंचीवर पडू दे, नुसती टायरवर बसेल.

मग लॉकच्या उंचीपर्यंत. खिट्टी पडल्याचा खट् आवाज येतो, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा, कधीकधी क्षणभराच्या अंतराने. आवाजावर विश्वास ठेवू नका. दोन्हीकडे जाऊन खिट्टी खाचेत पूर्ण बसलेली डोळ्यांनी बघा, मग गाडी सावकाश खाली सोडून लॉकवर टेकवा. यापुढे तिचा भार तेलावर नसतो, लोखंडावर असतो. पंपाची वायर प्लगमधून काढून ठेवा, कुणी बटणाशी खेळायला नको.

लॉक असूनही खाली जाण्याआधी सिलजवळ किंवा सबफ्रेमखाली (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची लोखंडी चौकट) जॅक स्टँड लावावेत, असं माझं ठाम मत आहे. काही उत्साही मंडळी याला भित्रेपणा म्हणतात, म्हणू देत. स्टँड निवडताना आरपार पिन घालायचा प्रकार घ्या. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीला पिट्सबर्ग छापाचे जॅक स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवावे लागले होते, कारण दात्यांमधली खिट्टी नीट न बसल्याने भाराखाली स्टँड अचानक खाली येऊ शकत होते. बदली दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. आणि विटा, सिपोरेक्सचे ब्लॉक, रंगाचे डबे हे टेकू नव्हेत. वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटते.

खाली गेल्यावर

दोन्ही बाजूंना फ्रेम असल्यामुळे आत शिरायचं ते पुढून किंवा मागून. बाहेर पडायची वाट कुठली ते आधी ठरवा, तिथे ऑइलचा ट्रे ठेवू नका. घरात कोणाला तरी सांगून खाली जा, मोबाइल खिशात असू दे. चष्मा लावा, वर बघून काम करताना चाकाच्या कमानीतला सगळा चिखल डोळ्यांतच येतो.

ऑइल बदलायला ही लिफ्ट रॅम्पपेक्षा सरस, कारण गाडी आडवी सपाट राहते आणि सम्पमध्ये जुनं तेल कमी उरतं. गाडी उचलण्याआधी इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, ऊन ऊन नको. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. जुनं तेल डब्यात भरून, ते रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणूनच धरलं आहे, गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ते ओतायचं नसतं.

टायर फिरवणं हे या लिफ्टचं खरं सुख. चारही चाकं एकदम मोकळी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही त्याच बाजूला मागे जातात, मागची दोन्ही बाजू बदलून पुढे येतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. नट हाताने बसवा, समोरासमोरचे आवळत या, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते १२० न्यूटन मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला. शंभरेक किलोमीटर फिरल्यावर एकदा परत तपासा.

पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा गाडी उचलून खालून धुवा. सिलच्या तळाला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून गंजतो. तारेने मोकळी करा. धुताना लिफ्टच्या पंपावर पाणी जाऊ देऊ नका, आणि जमीन वाळल्याशिवाय खाली शिरू नका. ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट फिरवून बघा: चिरलेल्या बुटातून ग्रीस बाहेर उडालेलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळी नक्षी दिसते. बूट वेळेवर बदलला तर खर्च थोडा, सांधा गेला तर खिसा रिकामा. ब्रेक पॅडचा माल तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदलायची तयारी करा. लोअर आर्मचे बुश, सायलेन्सरचे रबर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, सगळं याच फेरीत.

गिअरबॉक्स उतरवणं, इंजिन काढणं यासाठी मात्र ही लिफ्ट नव्हे. जड भाग निघाला की तोल बदलतो, आणि आधी नीट टेकलेली गाडी मागे झुकू शकते.

उतरवणं

खालचं सगळं बाहेर: ट्रे, पाने, स्टँड, ठोकळे. गाडीभोवती एक फेरी मारून बघा. आता गाडी थोडी वर उचलायची, कारण लॉकवरचा भार सुटल्याशिवाय खिट्टी निघत नाही. दोन्ही खिट्ट्या सोडवल्याची खात्री करून मग सावकाश खाली. एक बाजू उतरते आणि दुसरी अडकते असं दिसलं तर बटण सोडा, परत वर न्या. एका खिट्टीने खाच धरलेली असते बहुधा. तिला हात घालून मोकळं करायला जाऊ नका.

भार सुटल्याशिवाय लॉक निघत नाही, याचा दुसरा अर्थ असा, की वीज गेली तर गाडी वरच राहते. हाताने तेल सोडायचा व्हॉल्व्ह बऱ्याच पंपांना असतो, पण लॉकवर टेकलेल्या गाडीला त्याचा उपयोग नाही. धोका काहीच नाही, फक्त वाट बघायची. तेवढं ज्या दिवशी महावितरणचं देखभालीचं काम असतं, पुण्याकडे बहुधा गुरुवारी, त्या सकाळी संध्याकाळच्या लग्नाला न्यायची गाडी वर चढवू नका.

लिफ्टची निगा

फ्रेम आडव्या ठेवल्या की त्यांवर सायकली आणि कुंड्या येतात. भिंतीला टेकवून साखळीने अडकवा, चाळीस किलोचं लोखंड पोराच्या अंगावर पडायला वेळ लागत नाही. नळ्यांचे जोड टोपणं लावून बंद ठेवा, धुळीचा एक कण सील कापायला पुरतो. पिना आणि सांध्यांना अधूनमधून ग्रीस. नळीवर बारीक चिरा, फुगवटा किंवा उंदराचे दात दिसले तर नळी बदला. तिला टेप गुंडाळून काम भागत नाही, आत दोनशे बारच्या आसपास दाब असतो. गळती शोधायला दाबाखालच्या नळीवर हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईसारखी उडणारी तेलाची धार कातडीत शिरते, आणि तशी शिरली तर जखम दिसायला किरकोळ असली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

कोकणात, किंवा पावसाळाभर उघड्या शेडमध्ये लिफ्ट राहिली असेल, तर दिवाळीआधी टाकीचं झाकण उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. सगळं काढा, नवं भरा, आणि रिकाम्या फ्रेम पुन्हा चार-पाच वेळा वरखाली करून मगच गाडीखाली सरकवा.